ब आणि मग स

ज्यांचं माणूस आत्ता आयसीयूत आहे आणि जे स्वतः बाहेरच्या लोखंडी खुर्च्यांवर बसून आहेत, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. आत झोपलेल्याला ते वाचता येणार नाही, हे मला ठाऊक आहे. मलाही काही वाचता येत नव्हतं.

माझं नाव रोहिणी. सासर पुनावळ्याचं. गेली कित्येक वर्षं मी ऑर्केस्ट्रात गात होते. हळदी, लग्नं, सोसायट्यांचे गणपती, चाकणच्या कंपन्यांचे फॅमिली डे. सगळी दुसऱ्यांची गाणी. लोक म्हणायचे, डोळे मिटले तर ओरिजिनलच वाटतं, आणि मला त्याचा अभिमान होता. स्वतः एखादी ओळ लिहावी, हे कधी मनातही आलं नाही.

मग मला जीबीएस झाला. पुस्तकी माहिती मी सांगणार नाही, ती डॉक्टर सांगतील. थोडक्यात एवढंच, की आपल्याच शरीरातली रोगाशी लढणारी ताकद उलटी फिरते आणि नसांवर तुटून पडते. माणूस पायाकडून वर वर लुळा होत जातो. शुद्ध मात्र पूर्ण असते. त्यातून उठल्यावर मी सात गाणी केली. शब्द माझे, चाली माझ्या. ती ऐकून लोक विचारतात, हे सगळं खरंच झालं का? झालं.

तळवे

आधी पोट बिघडलं होतं. ते बरं झालं असं वाटत होतं तोवर ताथवड्याच्या एका लॉनवर हळदीचा कार्यक्रम आला. चपला काढून स्टेजवर चढले तर तळव्यांना फळी लागेना. जाड पायमोजे घालून उभं राहावं तसं वाटत होतं. दुसऱ्या गाण्याला हातातला माइक जड झाला. आमचे कीबोर्डवाले इकबालभाई वाजवता वाजवता माझ्याकडे बघत होते. गाणं संपल्यावर त्यांनी खुर्ची पुढे सरकवली.

"ताई, बसून गा. तुमचं काहीतरी बिघडलंय."

"अशक्तपणा आहे हो," मी म्हटलं आणि कार्यक्रम पुरा केला.

सकाळी दुधाचं पातेलं उचललं आणि ते हातातून सुटलं. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, आतून धावत आल्या. "आगं, भाजली का?"

"नाही आत्या. पण हातच लागेना पातेल्याला."

माझे मिस्टर, दत्ता, चाकणच्या एका कंपनीत प्रेस शॉपला, पत्रे दाबायच्या मशीनवर आहेत. तिसरी शिफ्ट करून ते नुकतेच घरी आले होते. तसेच मला गाडीवर घेऊन जवळच्या दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरांनी जीवनसत्त्व कमी असेल म्हणून गोळ्या दिल्या. दुपारी मी बाथरूममध्ये पडले ती उठलेच नाही. ह्यांनी आणि माझ्या मुलीनं, ईश्वरीनं, मला उचलून रिक्षात घातलं आणि चिंचवडच्या एका मोठ्या हॉस्पिटलात नेलं.

तिथे एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी छोट्या हातोडीनं माझ्या गुडघ्यावर मारलं. पाय हलला नाही. दुसऱ्यावर मारलं. तोही नाही.

"तुम्ही काय करता?" त्यांनी विचारलं.

"गाते."

"मग हे सोपं जाईल तुम्हाला. लांब श्वास घ्या आणि एका दमात आकडे म्हणत जा. जिथवर जमेल तिथवर."

मला हसूच आलं. श्वास भरला आणि सुरुवात केली. बाराशी दम संपला. त्यांनी पुन्हा म्हणायला सांगितलं. या वेळी दहाच्याही आत संपला. डॉक्टर ह्यांना दाराबाहेर घेऊन गेले. काचेतून मला ह्यांची पाठ दिसत होती. हात मागे बांधलेले, आणि एका हातानं दुसरा हात घट्ट धरलेला.

रोगाचं नाव मला नंतर कळलं. भीती त्या बाराव्या आकड्यालाच कळली होती.

आत

दिवस मावळायच्या आत तोंडातून नळी घालून मला मशीनवर ठेवलं. पहिले काही दिवस धुरकट आहेत. मग हळूहळू सगळं स्वच्छ दिसायला आणि ऐकू यायला लागलं, आणि हलत काहीच नव्हतं. बोट नाही, ओठ नाही, मान नाही. डोळ्यांची बुबुळं तेवढी वरखाली व्हायची.

श्वास मशीन घ्यायचं. मला हवा तेव्हा नाही, त्याला हवा तेव्हा. रडावंसं वाटलं तरी रडण्याला लागतो तसा श्वास मिळत नाही. डोळ्यांतून नुसतं पाणी गळतं आणि कानात जातं. ते पुसायला तुमचा हात येत नाही.

सकाळी अंग पुसायचे. थोड्या थोड्या वेळानं कुशीवर वळवायचे. नळीतला कफ मशीननं ओढून काढायचे, तेव्हा दर वेळी विहिरीत बुडाल्यासारखं व्हायचं. या आजारात दुखत नसेल असं बाहेरच्यांना वाटतं. पाठ इतकी दुखायची की मला ओरडायचं असायचं, आणि चेहरा दगडासारखा असायचा. डॉक्टर माझ्या अंगावरून एकमेकांशी बोलायचे. त्यांची चूक नव्हती. एवढी स्तब्ध बाई ऐकत असेल, हे कुणाच्याही लक्षात राहणार नाही.

एकीच्या लक्षात राहायचं. लातूरकडच्या वनिता सिस्टर. काहीही करायच्या आधी त्या सांगायच्या, "ताई, आता कूस बदलायलेय. आता तोंड पुसायलेय." एका दुपारी त्यांनी वाकून बघितलं. "रडायलाव का ताई? थांबा." कापसानं त्यांनी माझे डोळे पुसले, मग कानही कोरडे केले. कानात पाणी जातं हे त्यांना कसं सुचलं कुणास ठाऊक. नंतर माझे गुंतलेले केस सोडवून त्यांनी दोन वेण्या घातल्या. शाळेतल्या मुलीसारख्या. भेटायच्या वेळी ह्यांनी ते बघितलं आणि आजारपणात पहिल्यांदा माझ्यासमोर हसले.

वर बघितलं म्हणजे हो, खाली बघितलं म्हणजे नाही, हे वनिता सिस्टरांनीच ठरवलं होतं. ईश्वरी ताथवड्याला इंजिनिअरिंगला आहे. तिनं त्यापुढे जाऊन एका पुठ्ठ्यावर अक्षरांचा तक्ता केला. समोरच्यानं आधी ओळीवर बोट ठेवायचं, बरोबर ओळ आली की मी वर बघायचं. मग त्या ओळीतल्या एकेका अक्षरावर बोट. काना, मात्रा, वेलांट्या घ्यायला लागलो तर भेटायची वेळ संपायची, म्हणून आम्ही त्या सोडून दिल्या. उरलेलं समोरच्यानं ओळखायचं.

एकदा आत्या आल्या होत्या. मी मोठ्या कष्टानं प आणि ठ अशी दोन अक्षरं दिली. पाठ दुखत होती.

"पीठ?" आत्या म्हणाल्या. "पीठ हाय गं घरात. तू कशाला काळजी करती? परवाच दळून आणलंय."

मी खाली बघितलं.

"ज्वारीचं न्हाई व्हय? बाजरीचं? ते बी हाय."

शेवटी पलीकडच्या सिस्टर येऊन मला वळवून गेल्या. पण खरं सांगते, त्या पिठानं मला बरं वाटलं. बाकी सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलायचे, देवळात बोलतात तसे. आत्या मात्र दारातूनच सुरुवात करायच्या. शेवग्याला शेंगा लागल्यात, समोरच्या सोसायटीतली माणसं न विचारता तोडून नेत्यात, दत्ता नीट जेवत न्हाई. अख्ख्या आयसीयूला आमचं घर ऐकू जायचं. आत्या गेल्या की मी तासभर आमच्या अंगणात असायचे.

गळा

तोंडातली नळी फार दिवस ठेवता येत नाही. गळ्याला पुढून छेद देऊन तिथून नळी घालावी लागेल, असं डॉक्टरांनी ह्यांना सांगितलं. ह्यांनी विचारलं, "ती गाते. गळ्याचं काय होईल?"

"आधी जगू द्या," डॉक्टर म्हणाले. कठोरपणे नाही, थकल्यासारखे म्हणाले. मग माझ्याकडे वळून त्यांनी सगळं समजावलं. ह्यांनी मला विचारलं, "करायचं का?"

मी बराच वेळ समोरच बघत राहिले. मग वर बघितलं.

छेद दिल्यावर इकबालभाई भेटायला आले. माझ्या गळ्याकडे त्यांची नजर गेली आणि त्यांनी ती लगेच फिरवली. खिशातून इअरफोन काढून त्यांनी माझ्या कानात घातले. मी गायचे ती गाणी त्यांनी भरून आणली होती, मूळ गायिकांच्या आवाजातली. पहिलं कडवं संपायच्या आत मी खाली बघायला लागले. खाली, खाली, खाली. ते घाबरले. मला ती गाणी सोसत नव्हती. त्यातली प्रत्येक हरकत मला येत होती आणि माझा गळा एका प्लॅस्टिकच्या नळीभोवती शिवलेला होता.

त्यानंतर मी ऐकायला काही मागितलं नाही. आणि त्या रिकाम्या वेळात, मला न विचारता, ओळी यायला लागल्या. माझ्या बेडवरच्या छताला ओल येऊन एक मोठा डाग पडला होता. मी त्याच्याकडेच बघत असायचे, दुसरीकडे बघायला मान वळत नव्हती.

छतावरल्या डागाला मी
गाव म्हणाले, शेत म्हणाले,
उजवीकडल्या भेगेला मग
घरी जायची वाट म्हणाले

लिहून ठेवता येत नव्हतं. अक्षरांच्या तक्त्यावर कडवं सांगायचं तर आठवडा गेला असता. म्हणून मी ते मनात घोकत राहायचे. विसरू नये म्हणून त्याला चाल लावली. चाल असली की शब्द जागेवर राहतात, हे ऑर्केस्ट्रातलंच शिकलेलं. एक गाणं पक्कं झालं की दुसरं. सात गाण्यांपैकी चार मी एक शब्द न लिहिता, एक सूर न काढता, तिथे पडल्या पडल्या केली.

दोन अक्षरं

मग एक आठवडा फार वाईट गेला. न्यूमोनिया झाला. ताप उतरेना. जरा कुठे बोट हलेल असं वाटत होतं, तेही थांबलं. डॉक्टर म्हणायचे, वेळ लागेल. किती, ते कुणी सांगत नव्हतं, कारण कुणालाच माहीत नव्हतं.

हे पहिली शिफ्ट करून आले. अंगावर कंपनीचा युनिफॉर्म, हाताला तेल धुतल्याच्या साबणाचा वास. तक्ता घेऊन त्यांनी विचारलं, "काही पाहिजे का?"

मी वर बघितलं. ओळ दिली, अक्षर दिलं. ब. पुन्हा ओळ, पुन्हा अक्षर. स. तेवढ्यानंच डोळे भरून आले, इतका थकवा होता.

मला म्हणायचं होतं, बास. आता बास. नळी काढा आणि मला जाऊ द्या.

ते त्या दोन अक्षरांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बस? बसतो की."

त्यांनी स्टूल ओढलं, शेजारी बसले आणि कपाळावर हात ठेवला. मी खाली बघत होते. नाही, ते नाही. पुन्हा, पुन्हा. ते माझ्या डोळ्यांकडे बघतच नव्हते. चादरीचा काठ नीट करत होते. भेटायची वेळ संपेपर्यंत ते तसेच बसून राहिले.

एवढं एकटं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. जगात जो एक माणूस माझं ऐकेल असं वाटत होतं, त्याला मी सर्वांत महत्त्वाचं सांगितलं आणि त्याला ते वाचता आलं नाही.

त्यानंतर दोन-तीन दिवस ते तक्ता घरीच विसरून येत राहिले. तोवर ताप उतरला. मी पुन्हा तसं काही सांगितलं नाही.

हे लिहावं की नाही, याचा मी खूप विचार केला. मग वाटलं, लिहायलाच हवं. आत पडलेल्याला असं वाटतं. ते पाप नाही. मला तेव्हा मरायचं होतं आणि आज मी जिवंत आहे याचा मला आनंद आहे. दोन्ही खरं आहे.

घर

आधी उजव्या हाताचा अंगठा हलला. मग मान. मग मशीन थोडा थोडा वेळ बंद ठेवायला लागले, आणि स्वतःचा श्वास स्वतः घेणं हे किती मेहनतीचं काम असतं ते कळलं. नळीला बोलता येईल असं झाकण लावलं, त्या दिवशी ईश्वरी मोबाइल समोर धरून उभी होती. आई पहिला शब्द काय बोलते ते तिला टिपायचं होतं.

"एसी बंद करा," मी म्हटलं.

ईश्वरी हसता हसता रडायला लागली. पण तो आवाज माझा नव्हता. कुणीतरी वाळूवरून पत्रा ओढावा तसा होता.

घरी आले ती व्हीलचेअरवर. घरी आल्यावर सगळं ठीक होईल असं मी धरून चालले होते. तसं होत नाही. आत्या या वयात मला आंघोळ घालत होत्या आणि मला त्याची इतकी लाज वाटायची की मी त्यांच्यावरच डाफरायचे. ईश्वरीचे दोन विषय राहिले. तिनं ते मला सांगितलं नाही, मला बाहेरून कळलं. हे घरी आले की माझ्या पायांना व्यायाम द्यायचे, सगळं नीट करायचे, पण बोलायचे नाहीत. जेवलीस का, गोळी घेतलीस का, एवढंच. मीही तेवढंच उत्तर द्यायचे. त्या स्टुलाची गोष्ट आमच्या दोघांच्या मध्ये बसून होती आणि मला वाटत होतं की ती फक्त मलाच दिसते.

वॉकर सुटला, काठी आली. घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीनं बघितलं. आत व्रण आहे, म्हणाले. बोलणं सुधारेल, गाण्याचं सांगता येत नाही. मी काळी चारच्या उंच पट्टीत गाणारी बाई. आता खालच्या काळी एकलाही धाप लागत होती.

तरी चाकणच्या एका कंपनीच्या फॅमिली डेला मी गेले. खुर्चीवर बसून एक गाणं म्हटलं, माझं हमखास टाळ्यांचं. वरच्या सुराला आवाज फाटला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण त्या आजारी बाईला वाजवलेल्या टाळ्या होत्या. फरक कळतो. पुढच्या कार्यक्रमाला ऑर्केस्ट्राच्या मालकांनी दुसऱ्या मुलीला बोलावलं. त्यांचंही बरोबर होतं.

गॅरेजच्या वर

इकबालभाईंच्या भावाचं चिंचवडला गॅरेज आहे आणि त्याच्या वरच्या खोलीत इकबालभाईंनी छोटा स्टुडिओ केला आहे. त्या फॅमिली डेनंतर ते मला तिकडे घेऊन गेले. जुनी गाणी खालच्या पट्टीत घेऊन बघू म्हणाले. तीन-चार गाणी बघितली. सूर लागत होते, पण ते गाणं राहत नव्हतं.

"चहा सांगतो," ते म्हणाले आणि गॅलरीत गेले. मी एकटीच होते. सवयीनं छताचं गाणं म्हणायला लागले. मोठ्यानं ते मी पहिल्यांदाच म्हणत होते. माझ्या त्या खरखरीत आवाजात ते आरामात बसत होतं. बसणारच, त्याला दुसऱ्या कुणाचा आवाज कधी लागलाच नव्हता.

इकबालभाई दारात उभे होते. "हे कुणाचं आहे?"

"माझं."

"म्हणजे? केलं कधी?"

"आयसीयूत."

ते कीबोर्डकडे गेले नाहीत. खाली बसले. "अजून आहेत?"

"आहेत."

"मग ताई, आजपासून आपण दुसऱ्या कुणाचं गाणं करायचं नाही."

शुक्रवारी नमाजनंतर गॅरेज बंद असायचं, खालची ठोकाठोक नसायची. तेव्हा आम्ही रेकॉर्डिंग करायचो. ईश्वरी मला सोडायची. दर शुक्रवारी एखादं कडवंच व्हायचं. कधी तेही नाही. छताचं गाणं झालं, दोन वेण्यांचं झालं, आंघोळीचं झालं. ते आत्यांना ऐकवलं तेव्हा त्या पदर तोंडाला लावून बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "घरातलं असं लोकास्नी ऐकवायचं असतंय व्हय?"

"आत्या, ज्यांच्या घरात हेच चाललंय त्यांना ऐकवायचंय."

त्यावर त्या उठून कामाला लागल्या. पण शेवटच्या गाण्याचं कडवं ईश्वरीच्या मोबाइलवर त्यांच्या कानावर पडलं आणि त्या चिडल्या. "नवऱ्याला अरे-तुरे करती गाण्यात!"

खरं होतं. वीस वर्षांहून जास्त मी ह्यांना अहो-जाहो करते. आत पडले होते तेव्हा मनातल्या मनात ते कधी गळून पडलं ते कळलंच नाही. त्या गाण्यात 'तुम्ही' बसेना.

दोन अक्षरं दिली तुला मी,
ब आणि मग स,
मला म्हणायचं होतं 'बास',
तुला वाटलं 'बस'

बाकी सगळी गाणी मी ह्यांना ऐकवली होती. हे ऐकवायची हिंमत होत नव्हती. ज्या माणसानं माझ्यासाठी एवढं केलं त्याला सांगायचं, की मला तेव्हा जायचं होतं आणि तुला ते कळलंही नाही? पण त्यांना न सांगता ते बाहेर काढणं त्याहून वाईट झालं असतं.

एका रविवारी सकाळी ते माझ्या पायांना तेल लावत होते. मी मोबाइल मध्ये ठेवला आणि गाणं लावलं. त्या कडव्याशी त्यांचे हात थांबले. उठले, हात पुसले आणि बाहेर गेले. गाणं पुढे चालूच होतं.

आत्या दारात होत्या. "जा," त्या म्हणाल्या. "त्याच्याकडं जा."

मी काठी घेऊन बाहेर आले. हे शेवग्याखाली लावलेल्या मोटरसायकलवर बसले होते. मी शेजारी उभी राहिले.

"राग आला का?"

"नाही." ते समोरच्या इमारतीकडे बघत होते. "गाण्यात एक चूक आहे."

"कुठली?"

"मला 'बस' वाटलं नव्हतं."

मला आधी कळलंच नाही.

"ब आल्याबरोबरच समजलं होतं मला," ते म्हणाले. "तुझ्या डोळ्यांत आठवडाभर तेच दिसत होतं. स आला आणि मला... काय करणार होतो मी? डॉक्टरांना जाऊन सांगू? तुला हो म्हणू? नाही म्हणू? दोन्ही जमेना. म्हणून बसलो."

"आणि तक्ता?"

"विसरत नव्हतो. गाडीच्या बॅगेत असायचा."

मग ते म्हणाले, "तू उठली नसतीस तर? तसंच पडून राहिली असतीस वर्षानुवर्षं, तर? मी तुझं ऐकलं नाही म्हणून तू पडून आहेस, असंच वाटत राहिलं असतं मला. रोज प्रेसवर उभा राहून हेच डोक्यात असायचं. कुणाला सांगणार? आईला?"

म्हणजे मी आत एकटी होते आणि ते बाहेर. मी तरी गाणी करत होते. त्यांच्याकडे तेही नव्हतं.

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. माझ्या बोटांना अजून नीट कळत नाही, कापड आहे की कातडी. पण खांदा हलत होता, ते कळलं.

"गाणं काढून टाकू का?" मी विचारलं.

"नको. बरोबर कर."

शेवटचं कडवं

पुढच्या शुक्रवारी हे शिफ्ट बदलून माझ्याबरोबर आले. स्टुडिओत ते पहिल्यांदाच येत होते. कुठे उभं राहावं ते त्यांना कळेना, म्हणून दाराशीच, चपलांजवळ उभे राहिले. इकबालभाईंनी खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

मी त्या कडव्याच्या शेवटच्या दोनच ओळी बदलल्या होत्या.

दोन अक्षरं दिली तुला मी,
ब आणि मग स,
तुला कळलं होतं 'बास',
तू वाचलंस 'बस'

शेवटचा 'बस' सोडला आणि मला दम पुरला नाही. सूर तुटला आणि मी मोठ्यानं श्वास ओढून घेतला. गळ्यातल्या व्रणामुळे माझा श्वास अजूनही बारीक शिट्टीसारखा वाजतो. माइक जवळच होता. इकबालभाईंनी ते ऐकवलं तेव्हा खोलीभर तो आवाज गाण्याच्या पुढे येऊन थांबला.

"गाणं छान झालंय ताई," ते म्हणाले. "हा शेवटचा श्वासाचा आवाज तेवढा काढून टाकतो. मिनिटाचं काम आहे, कुणाला कळणारही नाही."

मी हो म्हणणार होते. सगळ्याच गाण्यांत ते असं साफ करतात.

"नका काढू," हे दारातून म्हणाले.

इकबालभाईंनी वळून बघितलं. माझे मिस्टर गाण्यातलं काही सांगतील, असं आम्हा दोघांनाही कधी वाटलं नव्हतं.

"राहू द्या तो, इकबालभाई," ते म्हणाले. "तो तिनं स्वतः घेतलाय."